भाड्याचा समुद्र

गेल्या मे महिन्यात मी गुहागरच्या एका कॉटेजला तीन स्टार दिले. सोबत लिहिलं : जागा सुंदर, जेवण घरगुती आणि उत्तम, समुद्र दोन मिनिटांवर, पण बाथरूममध्ये पाण्याचं प्रेशर अगदीच कमी, एका दुपारी तर पाणीच नव्हतं, एवढे पैसे घेता तर एवढी सोय हवी. पुण्याला परतताना कुंभार्ली घाट चढून कोयनानगरला चहाला थांबलो होतो, तिथे टपरीवर उभ्या उभ्या हे टाइप केलं. चहा गार व्हायच्या आत पोस्टही झालं.

दोन दिवसांनी कॉटेजवाल्या काकूंचा फोन आला. मला नाही, आईला. नीट पोहोचलात ना, फणसाचे गरे संपवलेत की वाया घालवलेत, असं सगळं विचारून झाल्यावर त्या सहज म्हणाल्या, "मुलाने लिहिलंय ते वाचलं हो. पाण्याचं खरंच आहे. पुढच्या वेळी दिवाळीत या, तेव्हा विहीर भरलेली असते."

आईने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

माझ्या पिढीतले बहुतेक लोक आयुष्यात एकाच प्रकारची समीक्षा लिहितात, ती ही. हॉटेल, हेडफोन, डॉक्टर, सिनेमा, समुद्रकिनारा, सगळ्याला पाचपैकी किती. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे आकडे पुढे कुठे जातात ते मला ठाऊक आहे. सरासरी निघते, यादीत वर-खाली होतं, आणि त्या सरासरीवर कुणाचा तरी पुढचा सीझन ठरतो. पण आज मला त्या रिव्ह्यूबद्दल लिहायचंय ते जरा लांबच्या वाटेने, दोन सिनेमे आणि एका व्यक्तिचित्रावरून. कारण तीन स्टार देणारा माणूस समुद्राकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर त्याला कुठून मिळाली हे मला शोधायचं होतं.

निघायच्या आदल्या रात्री मी घरच्यांना 'किल्ला' लावून दाखवला होता. ट्रिपचा मूड यावा म्हणून. हे आता सांगताना थोडी लाज वाटते, पण मी एकटा नाही. कोकणात निघालेल्या पुणेकरांच्या ग्रुपवर 'किल्ला'तल्या फ्रेम्स हमखास फिरतात. पाऊस, हिरवा रंग, तटावर उभा मुलगा, खाली समुद्र. अविनाश अरुणचा हा पहिला सिनेमा. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर दिलं, पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि जून २०१५मध्ये तो थिएटरात आला. माझी बारावी तेव्हा नुकतीच संपली होती, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या फेऱ्या चालू होत्या. तेव्हा बघितलेला 'किल्ला' आणि या मे महिन्यात आईशेजारी बसून बघितलेला 'किल्ला' हे मला दोन वेगळे सिनेमे वाटले.

गोष्ट ठाऊक असेलच. चिन्मय अकरा वर्षांचा. वडील वारले आहेत. आईची सरकारी नोकरी, तिची बदली झाल्यामुळे पुणं सोडून दोघं गुहागरला येतात. नवी शाळा, बंड्या आणि त्याची टोळी, किल्ल्यापर्यंत लावलेली सायकलची शर्यत, अचानक कोसळणारा पाऊस, किल्ल्यात एकटा मागे राहिलेला चिन्मय, मग न बोलणं, मग हळूहळू विरघळणं. आणि शेवटी आईची पुन्हा बदली.

पहिल्यांदा बघताना मला हा मैत्रीचा सिनेमा वाटला होता. या वेळी एक साधी गोष्ट लक्षात आली : यात सुट्टी कुठेच नाही. पुण्याचं एक कुटुंब समुद्राकाठच्या परक्या घरात राहायला गेलंय, म्हणजे वरवर बघता आमचीच ट्रिप. पण त्यांना चेकआउटची वेळ नाही. चिन्मयला समुद्र आवडतो की नाही हे कुणी विचारत नाही, कारण तो आवडण्यासाठी तिथे आलेलाच नाही. अमृता सुभाषने केलेली आई रोज ऑफिसला जाते, तिथलं राजकारण सोसते, घरी येऊन मुलाचा अबोला सोसते. समुद्र तिच्या खिडकीबाहेर असतो, तिच्या वेळापत्रकात नसतो.

आणि पाऊस. आपण कोकणात जातो मे महिन्यात, फार तर दिवाळी-नाताळात. अविनाश अरुणने आपला कॅमेरा, आणि तो त्याचा स्वतःचाच कॅमेरा आहे, पावसात नेला. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, छपरं गळतात, कपडे वाळत नाहीत. पर्यटकाच्या दृष्टीने तो ऑफ-सीझन. तिथे राहणाऱ्याच्या दृष्टीने वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा काळ, कारण भात तेव्हाच लागतं आणि विहीरही तेव्हाच भरते. 'किल्ला' सुंदर दिसतो म्हणून आपण त्याची पोस्टकार्डं केली. पण त्या सुंदर दिसण्यात जो ओलावा आहे तो अंगाला चिकटणारा आहे, आणि चिन्मयला तो नको असतो. सिनेमाचा मोठेपणा माझ्या मते यात आहे की आधी तो आपल्याला चिन्मयचा कंटाळा देतो आणि मगच समुद्र देतो. आपल्या रील्समध्ये पहिली पायरी गाळलेली असते.

तरी एक तक्रार उरते. पार्थ भालेरावने केलेला बंड्या इतका जिवंत आहे की सिनेमा संपल्यावर मला चिन्मयपेक्षा त्याचीच काळजी वाटली. चिन्मय बदलतो, मोठा होतो, निघून जातो. बंड्या काय करतो? तो तिथेच असतो. चिन्मय मोठा होण्यासाठी जे लागलं ते त्याने दिलं, आणि निघणाऱ्या माणसांबरोबर कॅमेराही निघून गेला. 'किल्ला' हा गाव सोडणाऱ्याच्या बाजूने सांगितलेला सिनेमा आहे. ते प्रामाणिकपणे केलंय, पण बाजू आहेच.

हेच दिग्दर्शकालाही जाणवलं असावं, असं मला त्याचा 'थ्री ऑफ अस' बघून वाटलं. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये हा हिंदी सिनेमा थिएटरात आला. मुंबईत राहणाऱ्या शैलजाला, म्हणजे शेफाली शाहला, स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे. विसरून जायच्या आत तिला एकदा वेंगुर्ल्याला जायचंय, जिथे तिच्या लहानपणीची काही वर्षं गेली. नवरा दीपांकर तिच्याबरोबर निघतो. आठवडाभराची सुट्टी. तिथे तिचा बालमित्र प्रदीप कामत भेटतो, तो बँकेत नोकरी करतो, त्याचा संसार आहे. जुनी शाळा, जुनं घर, विहीर, आकाशपाळणा.

म्हणजे 'किल्ला'तून निघून गेलेला चिन्मय जणू चाळीस वर्षांनी परत आलाय, आणि या वेळी बंड्यालाही स्वतःचं घर, बायको, नोकरी मिळाली आहे. जयदीप अहलावतचा प्रदीप हे या सिनेमातलं सगळ्यात मोठं यश आहे असं बरेच जण म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण मला खटकलेलं सांगतो. प्रदीपचं गावात जे रोजचं जगणं असेल, त्याची झलक मिळते, वजन मिळत नाही. शैलजा आली म्हणून त्याच्या आत काहीतरी हलतं, आणि सिनेमाला त्या हलण्यातच रस आहे. दोन बालमित्र वेंगुर्ल्यात भेटतात आणि बहुतेक वेळ हिंदीत बोलतात, हेही कानाला टोचत राहतं. ज्या भाषेत ते एकत्र खेळले असतील, ती भाषा दोघांनाही एकदमच परत सापडली असती. स्मरणाबद्दलच्या सिनेमात ही संधी छोटी नव्हती.

मला मात्र त्या तिघांमधला तिसराच माणूस विसरता येत नाही. स्वानंद किरकिरेने केलेला दीपांकर. त्याचं इथे काहीच नाही. ही शाळा त्याची नाही, ही विहीर त्याची नाही, हा मित्र तर नाहीच. बायकोच्या आयुष्यातला जो भाग त्याला कधी दाखवलाच गेला नाही, त्याच्यासमोर तो हात मागे बांधून उभा असल्यासारखा वाटतो. तो जळतो थोडा, पण अडवत नाही. खरा पर्यटक तोच आहे, आणि आपण पर्यटक आहोत हे त्याला समजलंय. एवढं समजणारा दुसरा पर्यटक मी आपल्या सिनेमात पाहिलेला नाही.

इथे मला 'अंतू बर्वा' आठवतो. 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ साली साहित्य अकादमी मिळालं, आणि आजही पुण्यात कुठल्याही ट्रिपमध्ये घाट लागला की कुणीतरी गाडीत पुलंचं कथाकथन लावतंच. आम्हीही लावलं. आम्ही हसतो कशावर? अंतूच्या तिरकस बोलण्यावर, रत्नागिरीकरांच्या कंजूषपणावर. पण पुलं रत्नागिरीचे जावई होते, आणि ते व्यक्तिचित्र जावयाच्या जागेवरून लिहिलेलं आहे. जावई घरचाही असतो आणि पाहुणाही असतो. त्याला ओसरीवर मानाने बसवतात, माजघरातलं सगळं सांगतातच असं नाही. म्हणून अंतू जेव्हा वीज नको म्हणतो, कारण उजेड पडला तर घरातलं दारिद्र्यच तेवढं दिसेल, तेव्हा लिहिणाऱ्याचं हसू आवरतं. त्याला एक दार दिसलंय आणि ते आपल्यासाठी उघडणार नाही हेही कळलंय.

अंतूने नाकारलेला तो उजेड आता आपण फोटोत विकत घेतो. आमच्या कॉटेजच्या झापांना पिवळ्या दिव्यांच्या माळा होत्या. भिंतीला मुद्दाम गिलावा केलेला नव्हता, जांभा उघडाच ठेवला होता, कारण गेस्टना तो आवडतो. माझ्या बहिणीने बुकिंग केलं तेच तो जांभा बघून. उघड्या जांभ्याच्या भिंती ही एकेकाळी गिलाव्याला पैसे नसल्याची खूण होती, असं आई म्हणाली. ती हे हसत म्हणाली.

आता आईबद्दल सांगायला हवं. तिचं माहेर गुहागरजवळचंच. आजोबा गेल्यावर २००९ साली मामांनी घर विकलं. भांडण वगैरे काही नाही, तिघेही शहरात, कौलं दर वर्षी कोण शाकारणार? निर्णय बरोबर होता, असं आईही म्हणते. त्यानंतर ती तिकडे गेली नव्हती. व्याडेश्वराला जायचं म्हणून आम्ही आलो, निदान घरात तसं बोललं गेलं. पुण्यातल्या कितीतरी घरांत कोकणची ट्रिप अशीच ठरते : कुलदैवतही होतं, समुद्रही होतो. मुळात हे शहरच कोकणातून वर आलेल्यांनी भरलेलं. श्रीवर्धनचे भट इथे येऊन पेशवे झाले तेव्हापासून लोक घाट चढतच आहेत, आणि आता त्यांचे वंशज लाँग वीकएंडला घाट उतरतात.

शेवटच्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "जरा फिरून येऊ." आम्ही गेलो. घराला नवं फाटक होतं, कुलूप होतं, कॅमेरा होता. घेणारे कुठल्यातरी शहरातलेच, वर्षातून आठ-दहा दिवस येतात, असं शेजारच्या बाईंनी सांगितलं. आई फाटकाच्या गजांना धरून बघत राहिली. पायऱ्या त्याच आहेत, म्हणाली. विहिरीवर लोखंडी जाळी टाकलीय. रहाट काढलाय. मी मोबाइल वर केला तर म्हणाली, "नको काढू."

बाबा चार पावलं मागे उभे होते, हातात गाडीची किल्ली. ते एरवी गप्प बसणारा माणूस नाहीत. टोलनाक्यावरसुद्धा त्यांचं मत असतं. तिथे ते काही बोलले नाहीत, निघू या असंही म्हणाले नाहीत. मला एकदम दीपांकर दिसला. आणि तो सिनेमा मला का रुतून बसला होता हेही तेव्हाच कळलं. दुसऱ्याच्या गावाकडे बघायची एक सभ्य पद्धत असते, ती माझे बाबा करत होते. मी कॅमेरा काढत होतो.

पाणी नव्हतं ती दुपार याच्या आदल्या दिवशीची. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्यापेक्षा कितीतरी पट. तरी मे महिन्यात तिथे गावोगाव पाण्याचे हाल असतात, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही, आणि उतार तर सरळ समुद्राकडे. जो दगड आम्हाला फोटोत आवडला, तोच दगड पाणी सोडून देतो. त्यात मे म्हणजे पाहुण्यांचा महिना. विहीर तळाला गेलेली असताना प्रत्येक खोलीत शॉवर चालू. खारं पाणी अंगावरून काढायला आमच्यातला प्रत्येक जण दिवसातून दोनदा अंघोळ करत होता. काकूंनी टँकर मागवला होता, तो संध्याकाळी आला. या काळात त्यांचं कुटुंब मागच्या पडवीत झोपायचं, कारण पुढच्या खोल्या आम्हाला दिलेल्या. हे मला तेव्हा दिसलं होतं. मी ते रिव्ह्यूत लिहिलं नाही, कारण रिव्ह्यूत त्यासाठी रकाना नसतो.

इथे एक सावधगिरी. पर्यटकांना शिव्या देणारा लेख लिहिणं सोपं आहे, आणि तो लिहिणारा बहुधा स्वतः पर्यटकच असतो. काकूंना माझा अपराधीपणा नकोय. जून २०२०मध्ये निसर्ग वादळाने दिवेआगर-श्रीवर्धनपासून दापोलीच्या किनाऱ्यापर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. नारळाचं नवं झाड उत्पन्न द्यायला वर्षं घेतं. अशा ठिकाणी पाहुण्यांच्या दोन खोल्या म्हणजे आधार असतो. काकूंच्या मुलाने मुंबईची नोकरी धरली नाही तीही या खोल्यांमुळेच. "तुम्ही आला नाहीत तर आम्ही काय करायचं?" त्या एकदा वाढताना म्हणाल्या होत्या. तेव्हा प्रश्न आपण जावं की न जावं हा नाही. गेल्यावर आपण काय बघतो, आणि परत येऊन काय लिहितो, हा आहे.

आणि म्हणून मला वाटतं की समीक्षा या शब्दाला अजून थोडा अर्थ आहे. स्टार देताना मी विचारतो : मला काय मिळालं? समीक्षा करताना विचारावं लागतं : हे कसं उभं राहिलंय, कशावर उभं राहिलंय, आणि मी कुठे उभा राहून बघतोय? 'किल्ला' निघणाऱ्याच्या जागेवरून बघतो. 'थ्री ऑफ अस' परतणाऱ्याच्या जागेवरून. 'अंतू बर्वा' जावयाच्या. तिन्हींना स्वतःची जागा ठाऊक आहे, म्हणून तिन्हींत कोकण खरं वाटतं. पडवीत झोपणाऱ्याच्या जागेवरून सांगितलेला, मे महिन्यातला, टँकरची वाट बघणारा सिनेमा मी तरी अजून पाहिलेला नाही. तो सुंदर दिसेल की नाही माहीत नाही, पण बंड्या मोठा झाला असेल तर आता त्यानेच तो करावा, असं मनापासून वाटतं.

काकूंच्या फोननंतर मी तो रिव्ह्यू उघडला. आई म्हणाली, पाच कर. बाबा म्हणाले, "तीनच राहू दे, पण कारण खरं लिही." मी लिहिलं : मे महिन्यात इथल्या विहिरीला पाणी कमी असतं, बादलीने अंघोळ करा, शॉवर वापरू नका, जेवण फार चांगलं आहे. मग स्टार चार केले, कारण घरात एकमत झालं नाही.

दिवाळीचं बुकिंग आईने केलं. ॲपवरून नाही, फोनवरून. अर्धा तास बोलत होत्या दोघी. पैशांचं शेवटी, निघता निघता झालं.